मुरूम फुटला, पुढे काय?

‘मुरूम’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक मुरूम रस्त्यावर पसरतात आणि दुसरा चेहऱ्यावर उगवतो. रस्त्यावरच्या मुरुमाचे आपल्याला काही वाटत नाही. चेहऱ्यावरचा मात्र एकच असला, तरी सगळे लोक त्याच्याकडेच पाहत आहेत असे वाटू लागते. शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले किंवा घरात लग्न निघाले की नेमका तो कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर येऊन बसतो. मग आरशासमोर उभे राहून दोन नखांमध्ये त्याला दाबले जाते. तो फुटतो. थोडा पू येतो, थोडे रक्त येते आणि मागे लाल, ओली, दुखरी जागा उरते.

आता पुढे काय करायचे? कोणी हळद लावायला सांगते, कोणी टूथपेस्ट, कोणी लिंबाचा रस. मित्र म्हणतो, ‘औषधाच्या दुकानात एक ट्यूब मिळते, दोन दिवसांत चेहरा साफ!’ यांतले काय करावे आणि काय करू नये, हे ठरवायचे असेल, तर आधी मुरूम म्हणजे काय ते समजून घ्यायला हवे. ते समजले की उपाय पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात.

त्वचेतल्या छोट्या विहिरी

आपली त्वचा वरून सपाट दिसते, पण ती सपाट नाही. तिच्यात लाखो बारीक विहिरी आहेत. या विहिरींना रोमरंध्रे म्हणतात. प्रत्येक रंध्रातून एक केस किंवा बारीक लव बाहेर येते. रंध्राच्या भिंतीला लागून एक इवलीशी ग्रंथी असते. तिला तैलग्रंथी म्हणतात. ती एक प्रकारचे तेल तयार करते. हे तेल रंध्रातून वर येते आणि त्वचेवर पसरते. त्यामुळे त्वचा मऊ राहते आणि लगेच कोरडी पडत नाही.

या ग्रंथी सगळीकडे सारख्या नाहीत. तळहात आणि तळपाय यांवर त्या मुळीच नसतात. चेहरा, छाती आणि पाठीचा वरचा भाग येथे मात्र त्यांची दाटी असते. चेहऱ्यावर एका चौरस सेंटिमीटरमध्ये त्या शेकड्यांनी मोजाव्या लागतात. मुरूम याच जागी का येतात आणि तळहातावर कधीच का येत नाहीत, याचे उत्तर येथे मिळते.

हे स्वतः पाहायचे असेल, तर एक सोपा प्रयोग करा. सकाळी तोंड धुतल्यावर तीन तास चेहऱ्याला काही लावू नका. मग पातळ पांढऱ्या कागदाचे तीन तुकडे घ्या. एक कपाळावर, एक नाकावर आणि एक तळहातावर काही सेकंद दाबून धरा. भज्यांच्या कागदावर जसा तेलाचा पारदर्शक डाग पडतो, तसे डाग कपाळाच्या आणि नाकाच्या कागदावर दिसतील. ‘पण हा घामाचा डाग नाही कशावरून?’ असे कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे. कागद पंख्याखाली ठेवा. घाम वाळून जाईल आणि तेलाचा डाग तसाच राहील.

वयात येताना काय बदलते?

लहान मुलांना मुरूम सहसा येत नाहीत. दहा-बारा वर्षांचे झाल्यावर शरीरात काही संप्रेरके वाढू लागतात. त्यांतील अँड्रोजन या गटाची संप्रेरके मुलांमध्ये जास्त आणि मुलींमध्ये कमी, पण दोघांतही असतात. त्यांच्या सांगण्यावरून तैलग्रंथी मोठ्या होतात आणि जास्त तेल तयार करू लागतात. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९४१ साली हा संबंध दाखवून दिला. ज्या पुरुषांच्या शरीरात हे संप्रेरक तयारच होत नव्हते, त्यांना मुरूम येत नव्हते. ते संप्रेरक औषध म्हणून दिल्यावर मात्र काहींच्या चेहऱ्यावर मुरूम उठले.

मुरूम आणि तारुण्य यांचा संबंध आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनाही माहीत होता. म्हणूनच त्यांना तारुण्यपीटिका हे नाव मिळाले. सुश्रुतसंहितेत या पुटकुळ्यांची तुलना सावरीच्या काट्यांशी केली आहे. रायगड जिल्ह्याच्या डोंगरउतारांवर काटेसावर पुष्कळ दिसते. तिच्या खोडावरचे ते रुंद बुडाचे, टोकदार काटे ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना ही उपमा किती नेमकी आहे ते लगेच कळेल.

तेव्हा मुरूम येणे हा आजार असला, तरी तो कोणाचा दोष नाही. चेहरा अस्वच्छ ठेवला म्हणून तो येत नाही. मनात वाईट विचार आले म्हणून तर नाहीच नाही. आई-वडिलांना तरुणपणी खूप मुरूम आले असतील, तर मुलांना येण्याचा संभव वाढतो. पौगंडावस्थेतल्या दहा मुलामुलींपैकी आठ-नऊ जणांना कमी-अधिक प्रमाणात मुरूम येतातच.

बुचापासून पुवापर्यंत

रोमरंध्राच्या आतील भिंतीवरून मृत पेशी सतत गळत असतात. एरवी त्या तेलाबरोबर वाहून बाहेर पडतात. वयात येताना तेल वाढते आणि पेशीही एकमेकींना चिकटून राहू लागतात. दोन्ही मिळून रंध्राच्या तोंडाशी बूच बसते. सुरुवातीला हे बूच इतके लहान असते, की ते डोळ्यांना दिसत नाही. दिसण्याइतके मोठे व्हायला काही आठवडे लागतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे उपचारांविषयी बोलताना ती लागणार आहे.

रंध्राचे तोंड उघडे राहिले, तर बुचाचा वरचा भाग काळा दिसतो. पुष्कळांना हा मळ वाटतो आणि ते चेहरा घासघासून धुतात. पण तो मळ नव्हे. त्वचेचे रंगद्रव्य आणि हवेतील ऑक्सिजनमुळे बदललेले पदार्थ यांचा तो रंग असतो. कितीही घासले तरी तो जात नाही, उलट त्वचा सोलवटते. रंध्राचे तोंड मिटलेले असेल, तर त्वचेच्या रंगाची बारीक पुळी दिसते.

या कोंडलेल्या तेलावर एक जीवाणू चांगला पोसतो. तो आपल्या सर्वांच्या त्वचेवर असतोच, बाहेरून कोणाकडून लागत नाही. म्हणून मुरूम संसर्गजन्य नाहीत. शास्त्रज्ञांनी या जीवाणूचे नाव पुष्कळदा बदलले. २०१६ पासून त्याला क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस असे म्हणतात. जीवाणू वाढले की शरीराच्या संरक्षक पांढऱ्या पेशी तेथे धावून येतात. रक्तपुरवठा वाढतो, जागा लाल होते, सुजते आणि ठणकते. यालाच दाह म्हणतात. लढाईत कामी आलेल्या पांढऱ्या पेशी, जीवाणू आणि तेल यांचे मिश्रण म्हणजेच पू.

दाबल्याने काय होते?

टूथपेस्टच्या ट्यूबचे झाकण घट्ट लावा आणि ट्यूब मधोमध जोरात दाबा, असे कोणी सांगितले, तर तुम्ही दाबाल का? पेस्ट झाकणातून येणार नाही. ती जेथे वाट मिळेल तेथून, बाजूची शिवण फाडून बाहेर येईल. मुरुमाचेही तसेच आहे. वर बूच बसलेले असते. दोन नखांनी दाबल्यावर थोडासा पू वरून येतो, पण पुष्कळदा रंध्राची नाजूक भिंत आतल्या बाजूला फाटते. मग तेल, जीवाणू आणि मृत पेशी त्वचेच्या खोल थरात जातात. तेथे दाह आणखी भडकतो. काल वाटाण्याएवढी असलेली सूज आज सुपारीएवढी का झाली, याचे कारण बहुधा हेच असते.

नाकाच्या मुळापासून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतच्या त्रिकोणी भागाबाबत तर विशेष सावध राहायला हवे. या भागातील शिरांचा मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांशी संबंध असतो. येथील जंतुसंसर्ग आत पसरल्याची उदाहरणे फार थोडी आहेत, पण जी आहेत ती गंभीर आहेत.

फुटलेला मुरूम म्हणजे जखम

कधी कधी आपण न दाबताही मुरूम फुटतो. झोपेत उशीला घासतो, टॉवेलने पुसताना फुटतो. कसाही फुटला, तरी त्या क्षणापासून तो मुरूम राहिलेला नसतो, ती एक लहानशी जखम झालेली असते. गुडघा खरचटल्यावर आपण जी काळजी घेतो, तीच येथे घ्यायची.

पहिली गोष्ट म्हणजे आणखी दाबू नका. हात साबणाने धुवा. रक्त किंवा पाणी येत असेल, तर स्वच्छ गॉज किंवा धुतलेल्या मऊ कापडाची घडी त्या जागी दोन-चार मिनिटे हलकेच धरून ठेवा. मग स्वच्छ पाणी आणि सौम्य साबण यांनी जागा धुवा आणि न घासता टिपून घ्या. सूज असेल, तर कापडात गुंडाळलेला बर्फाचा तुकडा थोडा वेळ धरल्याने आराम वाटतो. नंतर अगदी थोडे, मोहरीएवढे साधे पेट्रोलियम जेली त्या जखमेपुरतेच लावा. बाहेर जायचे असेल, तर वर लहानशी पट्टी लावता येते. अशा जखमांसाठी बारीक गोल चिकटपट्ट्याही मिळतात. त्या जखमेतील पाणी शोषून घेतात आणि बोटांपासून तिचे रक्षण करतात.

‘जखम उघडी ठेवली की लवकर वाळते आणि बरी होते’ असे घरातील मोठी माणसे सांगतात. मग पेट्रोलियम जेली कशासाठी? याचे उत्तर जॉर्ज विंटर या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६२ साली दिले. त्याने डुकरांच्या पाठीवर सारख्या आकाराच्या उथळ जखमा केल्या. काही पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्याने झाकल्या आणि काही हवेला उघड्या ठेवल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने पसरली. याचे कारण सोपे आहे. नव्या पेशी कडेकडेने सरकत मध्याकडे येतात. वाटेत कोरडी, टणक खपली असेल, तर त्यांना तिच्याखालून खणत जावे लागते. जागा ओलसर असेल, तर त्या सहज पुढे सरकतात. तरीही खपली धरलीच, तर ती नखाने काढू नका. तिच्याखालचे काम पूर्ण झाले की ती आपली आपण गळते.

आता हळदीचे. १९९५ साली अमेरिकेत ‘जखम भरण्यासाठी हळद’ या गोष्टीवर पेटंट दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. हळदीचा असा उपयोग भारतात पूर्वापार होत आला आहे, हे त्या वेळी सिद्ध झाले. पण मिसळणाच्या डब्यातली, चमच्याचमच्याने हाताळलेली हळद जंतुविरहित असते, असे काही त्यातून सिद्ध होत नाही. उघड्या जखमेत ती भरू नये, हेच बरे.

टूथपेस्ट दातांसाठी असते. तिच्यातील पदार्थांनी त्वचेची आग होते. लिंबाचा रस आम्लधर्मी आहे. तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे चट्टे पडू शकतात. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड जंतूंबरोबर नव्या कोवळ्या पेशींनाही मारतात. मुरुमांसाठी एखादे तीव्र औषध चालू असेल, तर तेही त्या उघड्या जागेवर जखम भरेपर्यंत लावू नये. बाकीच्या चेहऱ्यावर चालू ठेवावे.

जखमेभोवती लाली पसरू लागली, सूज वाढत गेली, ताप आला किंवा पापणी सुजली, तर घरगुती उपाय करीत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. त्याबरोबर जोराची डोकेदुखी असेल किंवा दिसण्यात फरक पडला, तर थेट मोठे रुग्णालय गाठावे.

डाग वेगळा, खड्डा वेगळा

जखम भरल्यावर मागे दोन प्रकारच्या खुणा राहू शकतात. त्यांतला फरक ओळखता आला पाहिजे.

पहिली खूण म्हणजे सपाट तपकिरी किंवा काळसर डाग. आपल्या त्वचेत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. दाह झाला की त्या चिडतात आणि जास्त रंग तयार करतात. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत हे अधिक होते. हा डाग म्हणजे व्रण नव्हे. तो हळूहळू, काही महिन्यांत फिका होतो. त्याला ऊन लागले, तर तो अधिक गडद होतो आणि जास्त दिवस टिकतो. म्हणून छत्री, टोपी आणि शक्य असेल तर एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक असलेले, तेलकट नसलेले सनस्क्रीन यांचा उपयोग होतो. घासणे, सोलणे, ‘गोरे करणारे’ काहीतरी चोपडणे यांनी दाह पुन्हा होतो आणि डाग परत गडद होतो.

दुसरी खूण म्हणजे खड्डा. त्वचेच्या वरच्या थराला झालेली इजा मागमूस न ठेवता भरते, कारण तो थर सुमारे चार आठवड्यांत नवा होतच असतो. पण खालच्या थरातील कोलॅजनचे धागे नष्ट झाले, तर शरीर त्या जागी घाईघाईने डागडुजी करते. ती पूर्वीसारखी होत नाही. खड्डे काही जणांना न दाबताही, नुसत्या तीव्र दाहामुळे पडतात. ज्यांचे मुरूम खोल, मोठे आणि दुखरे असतात, त्यांनी ‘वय झाले की जातील’ म्हणून थांबू नये, ते याचसाठी. डाग वेळ गेला की जातो. खड्डा मात्र आपोआप जात नाही.

दोन दिवसांत गुण देणारी ट्यूब

आता त्या मित्राने सांगितलेल्या ट्यूबकडे वळू. अशा पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असते. स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे. १९५२ साली हायड्रोकॉर्टिसोनचे मलम त्वचारोगांवर गुणकारी असल्याचे दिसले आणि इसबासारख्या आजारांच्या रुग्णांना मोठा दिलासा मिळाला. पण ते काम कसे करते, हे पाहिले पाहिजे. ते दाह दडपते. म्हणूनच मुरुमावर लावले की दोन दिवसांत लाली आणि सूज उतरते आणि रंगही थोडा उजळल्यासारखा वाटतो. लावणाऱ्याला वाटते, औषध लागू पडले!

रंध्रातले बूच मात्र तसेच असते. आठवडे, महिने लावत राहिल्यास त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या वरून दिसू लागतात, गालांवर लव वाढते आणि नवे मुरूम उठतात. मलम थांबवले की चेहरा लालबुंद होऊन आग होते. म्हणून माणूस पुन्हा तेच मलम लावतो. अशा रीतीने त्याची सवयच लागते.

ही काल्पनिक भीती नाही. भारतातील त्वचारोगतज्ज्ञांनी बारा केंद्रांत केलेली एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइडचे मलम लावत होते. त्यांतील कित्येकांनी ते डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सुरू केले होते. आणि त्यांच्यात सर्वांत जास्त आढळलेला दुष्परिणाम कोणता होता? मुरूम येणे किंवा असलेले वाढणे! ज्या त्रासासाठी पुष्कळांनी मलम लावले, तोच त्रास मलमाने वाढवला होता. पुढे २०१८ साली केंद्र सरकारने औषधविषयक नियम बदलून अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली. पण घरात उरलेली ट्यूब, शेजाऱ्याची ट्यूब, नावाशिवायची डबी यांना नियम आडवा येत नाही. तेथे आपले डोळेच उपयोगी पडतात.

म्हणून ट्यूबच्या मागची बारीक अक्षरे वाचायला शिका. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले, तर ते मलम मुरुमांवर लावायचे नाही. फार दिवस लावत असाल, तर एकदम बंद करण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा.

खरे उपचार का वेळ घेतात?

मुरूम दिसण्याआधी काही आठवडे त्याचे बूच तयार होत असते, हे आपण पाहिले. म्हणजे आज तुमच्या चेहऱ्यावर, कोणाला न दिसणारे, पुढच्या महिन्याचे मुरूम तयार होत आहेत. चांगला उपचार ही बुचे बसू देत नाही. त्यामुळे त्याचा परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे, कधी तीन महिनेही लागतात. पुष्कळ जण दहा दिवसांनी ‘गुण नाही’ म्हणून औषध सोडतात आणि दुसरे सुरू करतात. दोष औषधाचा नसतो.

सौम्य मुरुमांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड हे जुने आणि भरवशाचे औषध आहे. ते रंध्रात ऑक्सिजन सोडते आणि तेथील जीवाणू मारते. अडीच टक्क्यांचे औषध दहा टक्क्यांच्या औषधाइतकेच गुणकारी असून त्याने आग कमी होते, असे १९८६ सालच्या प्रयोगांत आढळले. तेव्हा जास्त टक्के म्हणजे जास्त चांगले, असे समजू नये. या औषधाने टॉवेल आणि उशीचा अभ्रा यांचा रंग उडतो, म्हणून पांढरे वापरावेत. ॲडापलीन हे औषध बूच बसू देत नाही. ते रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढे घेऊन सगळ्या चेहऱ्याला पातळ लावायचे असते. नुसत्या पुळीवर लावून उपयोग नाही, कारण पुढची पुळी कोठे येणार हे आपल्याला ठाऊक नसते. सॅलिसिलिक आम्ल बुचे सैल करते. यांपैकी तुम्हाला कोणते योग्य, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

प्रतिजैविके डॉक्टर गरजेपुरती देतात, शक्यतो बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जोडीला. एकटी आणि दीर्घकाळ वापरल्यास जीवाणू त्यांना दाद देईनासे होतात. खोल, खड्डे पाडणाऱ्या मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन या गोळ्या आहेत. १९८२ साली अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली. त्या फार प्रभावी आहेत, पण गरोदरपणी घेतल्यास गर्भात गंभीर व्यंग निर्माण होते. म्हणून त्या तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या असतात.

खाणे, घाम आणि निडीची हवा

‘तेलकट खाल्ले की मुरूम येतात’ हे वाक्य तुम्ही ऐकलेच असेल. १९६९ साली अमेरिकेत ६५ जणांना काही आठवडे चॉकलेट आणि काही आठवडे चॉकलेट नसलेली वडी देऊन पाहिली. फरक पडला नाही. चॉकलेट निर्दोष ठरले! पण पुढे लोकांनी प्रयोग नीट तपासला, तेव्हा दिसले की दुसऱ्या वडीतही साखर आणि चरबी जवळजवळ तेवढीच होती. मग फरक पडणार कसा? तुलनेसाठी घेतलेली वस्तू कशी निवडावी, याचा हा चांगला धडा आहे. पुढच्या प्रयोगांवरून असे दिसते, की रक्तातील साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ, म्हणजे गोड पेये, मिठाया, मैद्याची बिस्किटे, काहींचे मुरूम वाढवतात. ते कमी करून पाहण्यात तोटा काही नाही. मात्र भज्यांतले तेल थेट चेहऱ्याच्या रंध्रात जात नाही.

हवेचा परिणाम मात्र आपल्या भागात जाणवण्यासारखा आहे. पेण-रोहा लोहमार्गावर नागोठणे सोडले की निडी हे लहानसे स्टेशन लागते आणि मग रोहा. एप्रिल-मे महिन्यांत येथली हवा गरम आणि दमट असते. घाम वाळत नाही. दमट हवेत रंध्राच्या तोंडाशी असलेल्या पेशी पाणी शोषून फुगतात आणि ते तोंड अरुंद होते. दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडच्या उष्ण प्रदेशात आलेल्या परदेशी सैनिकांना पाठीवर आणि छातीवर इतके मुरूम उठत, की काहींना परत पाठवावे लागले. आपण काही निडीची हवा बदलू शकत नाही. पण शेतातून, खेळून किंवा गाडीच्या गर्दीतून घरी आल्यावर घाम धुऊन टाकू शकतो, ओला बनियन बदलू शकतो आणि केसांचे तेल कपाळावर उतरणार नाही इतकेच लावू शकतो. चेहरा सौम्य साबणाने दिवसातून दोनदा धुवावा. पाच-सहा वेळा धुतल्याने जास्त फायदा होत नाही, त्वचा मात्र कोरडी पडून चुरचुरते.

त्वचारोगतज्ज्ञ प्रत्येक गावात नसतात. पण सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून करता येते. जिल्ह्याचे रुग्णालय अलिबागला आहे. सरकारच्या ई-संजीवनी या सेवेतून घरबसल्या डॉक्टरांशी विनामूल्य बोलताही येते.

शिक्षकांसाठी आणि वर्गासाठी

एक गोष्ट औषधाच्या दुकानात मिळत नाही. चेहऱ्यावर मुरूम असलेल्या मुलाला किंवा मुलीला वर्गात नाव ठेवले जाते, तेव्हा ते मूल मागच्या बाकावर जाऊन बसते, फळ्याजवळ यायला टाळते, कधी शाळाच टाळते. त्याच त्रासातून ते गुपचूप ‘दोन दिवसांची’ ट्यूब आणते. शिक्षकांनी वरचा कागदाचा प्रयोग वर्गात करून दाखवला, तर सर्वांच्याच कागदावर डाग उमटतील आणि हसण्याचे कारण उरणार नाही. एखादे मूल सतत खिन्न दिसत असेल, तर त्याच्याशी आणि त्याच्या घरच्यांशी बोलायला उशीर करू नये.

आणि विद्यार्थी मित्रांनो, उपचार सुरू केलात तर वहीच्या मागच्या पानावर एक तक्ता आखा. दर रविवारी, त्याच उजेडात, कपाळावरचे आणि दोन्ही गालांवरचे नवे मुरूम मोजून लिहा. रोज आरशात पाहून काही कळत नाही, कारण रोजचा फरक फार लहान असतो. आठ रविवार झाले की आकडे पाहा आणि तो तक्ता घेऊन डॉक्टरांकडे जा. औषध चालू ठेवायचे की बदलायचे, हे ठरवायला त्यांना त्याची फार मदत होईल. तोवर मुरुमापासून नखे मात्र दूर ठेवा!